मातीच्या पाट्यांची मिरासदारी

ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या क्नोसोसला ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी मार्च १९०० मध्ये खोदकाम सुरू केलं आणि आठवडाभरातच अक्षरं कोरलेल्या मातीच्या पाट्या हाती येऊ लागल्या. त्या पाट्यांवर लिनिअर बी नावाच्या लिपीत काय लिहिलंय, हे जगाला कळायला १९५२ चा जून उजाडला. मध्ये ५२ वर्षं गेली. दोन महायुद्धं होऊन गेली आणि इव्हान्स स्वतः नव्वदीत वारले. लिपी वाचणारा मायकेल व्हेंट्रिस तर पाट्या सापडल्या तेव्हा जन्मालाही यायचा होता.

लिपी अवघड होती म्हणून इतका वेळ लागला, असं सहसा सांगितलं जातं. अवघड होतीच. सत्त्याऐंशीच्या आसपास चिन्हं, भाषा कोणती ते ठाऊक नाही, आणि दोन भाषांत कोरलेला एखादा शिलालेखही हाताशी नाही. पण या ५२ वर्षांतली निदान ४० वर्षं लिपीच्या अवघडपणाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. ती इव्हान्स यांच्याच नावे खर्ची पडतात. पाट्या होत्या, त्यांची छायाचित्रं आणि नकला होत्या, वाचायला उत्सुक माणसंही होती. फक्त त्या नकला त्या माणसांच्या हाती पडू दिल्या गेल्या नाहीत.

माझं म्हणणं असं, की जमिनीतून निघालेल्या लेखांवर काढणाऱ्याची मिरासदारी नसते. त्याला काही काळ पहिला हक्क द्यावा, श्रेय तर पुरेपूर द्यावं. पण मुदत संपली की साहित्य खुलं झालंच पाहिजे, त्याची तयारी असो वा नसो. हा प्रश्न क्रीटपुरता नाही. आपल्याकडे तमिळनाडूतल्या कीळडीच्या उत्खनन-अहवालावरून तो आज चव्हाट्यावर आहे. पण त्याची बरीच स्वच्छ साक्ष क्नोसोस आणि ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या पायलोसच्या कहाणीत मिळते, म्हणून आधी तिकडे जाऊ.

या पाट्या म्हणजे काय प्रकार होता, ते जवळून पाहण्याजोगं आहे. ओल्या मातीचा गोळा थापून चपटा करायचा. लहान नोंदीसाठी ताडपत्रासारखी लांबट पट्टी, मोठ्या यादीसाठी वहीच्या पानासारखी उभी पाटी. टोकदार काडीने आडव्या रेघा आखायच्या, रेघांवर लिहायचं आणि वाळत ठेवायचं. भट्टीत भाजायची पद्धत नव्हती, कारण नोंद वर्षभराच्या कामाची होती. ‘यंदा’, ‘गेल्या साली’ एवढाच काळाचा उल्लेख. कोणाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष, असला थाट नाही. काही पाट्यांवर तळव्याचे ठसे उमटलेले आहेत, आणि क्नोसोसचे ठसे तपासणाऱ्यांना त्यातले काही लहान मुलांचे असावेत असं दिसलं. म्हणजे माती मळायला पोरं आणि लिहायला कारकून, अशी विभागणी असावी. एरवी हे सगळं दप्तर पावसापाण्यात विरघळून गेलं असतं. पायलोसचा राजवाडा इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास जळाला आणि त्या आगीत कच्च्या पाट्या आयत्या भाजून निघाल्या. राजवाड्यातलं बाकीचं वैभव खाक झालं. कारकुनांचा कच्चा खर्डा तेवढा टिकला.

आणि खर्ड्यात काय असतं? जमाखर्च. क्नोसोसच्या पाट्यांवरच्या मेंढ्यांची बेरीज लाखाच्या घरात जाते. कोणत्या गावी, कोणत्या मेंढपाळाकडे किती मेंढ्या, लोकर किती यायला हवी होती, आली किती, बाकी किती. थकबाकीसाठी ठरलेलं एक आद्याक्षर आहे, ते आलं की पुढचा आकडा येणं म्हणून धरायचा. काही पाट्यांवर बैलांच्या जोड्या आहेत आणि कारकुनाने बैलांची नावंही टिपली आहेत. एक केलाइनोस, म्हणजे काळा. एक पोदार्गोस, पांढऱ्या पायांचा. ढवळ्या-पवळ्याच्या मुलखात या नोंदीचं अप्रूप वेगळं सांगायला नको. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या राजवाड्याचा एकही पराक्रम या पाट्यांत नाही, पण त्याच्या बैलांना काय हाका मारत ते आपल्याला ठाऊक आहे.

पायलोसच्या याद्या वाचताना हसू मावळतं. बायकांचे गट आहेत. कातणाऱ्या, दळणाऱ्या, न्हाणीघरात पाणी देणाऱ्या. पुढे त्यांच्या मुलींची संख्या, मग मुलग्यांची, मग धान्याचा आणि अंजिरांचा शिधा. काही गटांची ओळख त्यांच्या मूळ मुलखावरून दिली आहे: मिलेटसच्या, क्निडोसच्या, लेम्नोसच्या. एजियन समुद्रापलीकडून या बायका कशा आल्या, हे पाटी सांगत नाही; नवऱ्यांचा उल्लेख नसलेल्या याद्या पाहून अंदाज करता येतो. अशा बायका सातशेहून अधिक भरतात. याच दप्तरात एरिथा नावाच्या पुजारणीचा जमिनीचा तंटा आहे. ती म्हणते, ही जमीन माझ्याकडे देवीच्या नावाने आहे. गावकी म्हणते, तसं काही नाही, गावच्या जमिनीतला तुकडा तिच्याकडे इतरांसारखाच खंडाने आहे. कारकुनाने दोन्ही बाजू लिहून ठेवल्या आणि पुढे क्षेत्राचा आकडा घातला. देवस्थान इनामाच्या फायली ज्याने चाळल्यात त्या तलाठ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

राजांच्या शिलालेखांत हे मिळत नाही. राजा आपली विजययात्रा कोरतो, कारकून शिधा लिहितो, आणि समाज कसा चालायचा ते कारकुनाच्या दप्तरात दिसतं. त्यामुळे असं दप्तर ४० वर्षं कोणी दाबून ठेवलं तर नुकसान चार विद्वानांपुरतं राहत नाही.

इव्हान्स लबाड नव्हते, हे आधी सांगायला हवं. क्नोसोसची टेकडी त्यांनी स्वतःच्या पैशाने विकत घेतली, खोदकामाचा आणि जीर्णोद्धाराचा बराचसा खर्च पदरचा केला आणि पुढे ती जागा अथेन्सच्या ब्रिटिश स्कूल या पुरातत्त्व संस्थेला देऊनही टाकली. जुनी चित्रलिपी, तिच्यानंतरची लिनिअर ए आणि या पाट्यांवरची लिनिअर बी ही विभागणी त्यांचीच. उभी रेघ म्हणजे एक, आडवी म्हणजे दहा, वर्तुळ म्हणजे शंभर, ही आकड्यांची रीतही त्यांनी लवकर ओळखली. पाट्या कच्च्या असल्याची झळ त्यांनाही बसली. एकदा काही पाट्या ठेवलेल्या खोलीचं छप्पर रात्री गळलं आणि सकाळी तिथे नुसता चिखल उरला होता.

अशी चिखल होऊ शकणारी वस्तू ज्याच्या ताब्यात आहे, त्याने पहिल्यांदा काय करावं? तिच्या प्रती चार ठिकाणी पोचवाव्यात. इव्हान्स यांनी १९०९ मध्ये जो ग्रंथ काढला, त्यात भर मुख्यतः आधीच्या चित्रलिपीवर होता. लिनिअर बीच्या जेमतेम डझनभर पाट्या आल्या. पुढचा खंड येतोय, येतोय म्हणता १९३५ साल उजाडलं, आणि तेव्हा क्नोसोसच्या राजवाड्यावरच्या महाग्रंथाच्या चौथ्या खंडात आणखी शंभर-सव्वाशे पाट्या छापल्या गेल्या. हाताशी होत्या तीन हजारांहून अधिक, तुकडे धरून. फिनलंडच्या योहानेस सुंडवाल यांनी क्रीटला जाऊन आणखी ३८ पाट्या स्वतः उतरवून घेतल्या आणि छापल्या, तर इव्हान्स त्यांच्यावर नाराज झाले. आपल्या पाट्यांचं वाचन आपल्या हातून व्हावं, ही त्यांची इच्छा. इच्छा माणसासारखीच आहे. पण ४० वर्षांत ती पुरी झाली नाही आणि दुसऱ्या कोणाचीही त्यांनी होऊ दिली नाही. १९४१ मध्ये ते गेले तेव्हा ढीग तसाच होता.

दडवणुकीचा जास्त वाईट परिणाम पुढेच आहे. इव्हान्स यांचा ठाम सिद्धांत होता की क्रीटची मिनोअन संस्कृती ग्रीकांहून निराळी आणि वरचढ. ग्रीसच्या मुख्य भूमीवर तिचंच राज्य होतं. तेव्हा पाट्यांची भाषा ग्रीक असूच शकत नाही. एका पाटीवर आयाळीसह आणि आयाळीविना घोड्यांची चित्रं होती आणि आयाळ नसलेल्या लहान घोड्यापाशी दोन चिन्हं. ही चिन्हं सायप्रसच्या पुढच्या काळातल्या, वाचता येणाऱ्या लिपीतल्या चिन्हांसारखी दिसतात, हे इव्हान्स यांना दिसलं. तसं वाचलं तर शब्द होतो ‘पो-लो’. ग्रीकमध्ये शिंगराला ‘पोलोस’ म्हणतात. दार उघडं पडलेलं होतं. इव्हान्स यांनी ते पाहिलं, छापलंही, आणि योगायोग म्हणून लोटून दिलं. सिद्धांतापायी माणूस पुराव्याकडे डोळेझाक करतो, यात नवल नाही. विद्वानांत तर मुळीच नाही. पण त्याची चूक काढायला दुसऱ्या कोणाजवळ तो सगळा पुरावा हवा ना! मुख्य भूमीवरच्या मायसीनीला खोदणाऱ्या अ‍ॅलन वेस यांनी मातीच्या भांड्यांच्या आधारे मुख्य भूमी स्वतंत्र होती असं मांडलं, तर १९२३ मध्ये ब्रिटिश स्कूलचं संचालकपद त्यांच्याकडून गेलं आणि मायसीनीत पुन्हा खोदायला त्यांना १९३९ ची वाट पाहावी लागली. वेस बरोबर होते. ते सिद्ध करणारा कागद इव्हान्स यांच्या कपाटात पडून होता.

अ‍ॅलिस कोबर यांचं काय झालं, ते अधिक चटका लावणारं आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात त्या लॅटिन-ग्रीक शिकवत. तासांचं ओझं भरपूर. दिवसा शिकवायचं आणि रात्री जेवणानंतर लिनिअर बी. तयारी म्हणून त्यांनी एकामागून एक भाषा शिकून घेतल्या, त्यात संस्कृतही होतं. प्रत्येक चिन्ह कुठे येतं, शब्दाच्या सुरुवातीला की शेवटी, कोणाच्या शेजारी, याची एकेक चिठ्ठी. युद्धाच्या दिवसांत कागद मिळेना, तेव्हा शुभेच्छापत्रांच्या पाठी, चर्चची पत्रकं, ग्रंथालयाच्या बाद चिठ्ठ्या कापून त्यांनी ही कार्डं केली. अशी सुमारे १,८०,००० झाली. ठेवायला सिगारेटचे रिकामे खोके. आणि एवढा खटाटोप कशावर? छापून आलेल्या जेमतेम दोनशेच्या आतल्या पाट्यांवर!

तेवढ्यावरसुद्धा त्यांनी एक मोठी गोष्ट काढली. ठरावीक शब्द तीन रूपांत येतात, मूळ भाग तोच आणि शेवटचा तुकडा बदलतो. म्हणजे भाषा विभक्ती-प्रत्यय चालवणारी आहे. आणि मूळ व प्रत्यय यांच्या सांध्यावरचं अक्षर दोन्हींकडे सांडतं, तेव्हा कोणत्या चिन्हांत व्यंजन एक आहे आणि कोणत्यांत स्वर एक, हे उच्चार माहीत नसतानाही ताडता येतं. पुढे व्हेंट्रिसने जो कोष्टक-तक्ता उभा केला त्याचा पाया हाच. इव्हान्स यांच्या मागे त्यांचे मित्र जॉन मायर्स नकलांचा गठ्ठा सांभाळत होते. त्या पाहायला कोबर १९४७ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या आणि मग वृद्ध मायर्सना तो राहिलेला खंड छपाईयोग्य करून देण्यात, टंकलेखन, दुरुस्त्या यांत, त्यांचा स्वतःच्या कामाचा वेळ गेला. मे १९५० मध्ये त्या वारल्या, वय ४३. तो खंड निघाला १९५२ च्या सुरुवातीला. दोनशेऐवजी तीन हजार पाट्या त्यांच्यापुढे १९४० मध्येच असत्या तर? अशा प्रश्नाला पुराव्याने उत्तर देता येत नाही, पण तो मनातून जातही नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेच्या कार्ल ब्लेगन यांनी ४ एप्रिल १९३९ रोजी ग्रीसच्या नैऋत्येला, पायलोसजवळ, पहिला चर घेतला आणि तो नेमका दप्तराच्या खोलीतून गेला. त्या मोसमात सहाशेच्या आसपास पाट्या निघाल्या. लगेच महायुद्ध. पाट्या अथेन्समध्ये बँकेच्या तिजोरीत गेल्या; छायाचित्रं मात्र अमेरिकेला पोचली होती. ब्लेगनही काही सगळ्यांना बोलावून पाट्या वाटत नव्हते. पण काम त्यांनी एमेट बेनेट या तरुणाच्या हवाली केलं आणि बेनेट यांनी १९५१ मध्ये सगळा संच छापला, त्याबरोबर कोणती वळणं एकाच अक्षराची आणि कोणती वेगळ्या अक्षरांची याची नेटकी यादीही दिली.

तारखा शेजारी ठेवून पाहा. पायलोसच्या पाट्या १९५१. क्नोसोसच्या १९५२ च्या सुरुवातीला. वाचन जून १९५२. दोन्ही दप्तरं एकाच टेबलावर आल्यावर एक-दीड वर्षात गाठ सुटली, आणि सुटली ती दोन्ही असल्यामुळेच. व्हेंट्रिसच्या लक्षात आलं की कोबर यांच्या त्या तीन रूपांच्या शब्दांतले काही क्नोसोसला वरचेवर भेटतात, पायलोसला नाहीत. मग ती क्रीटमधल्या गावांची नावं तर नसतील? अम्निसोस, क्नोसोस, तुलिसोस अशी नावं बसवली, त्यातून मिळालेले उच्चार तक्त्यात भरले, आणि ज्याची त्याला स्वतःलाच अपेक्षा नव्हती ते समोर आलं: भाषा ग्रीक होती, होमरच्याही काही शतकं आधीची. १ जुलै १९५२ रोजी त्याने बीबीसीवर हे जाहीर केलं. केंब्रिजचे जॉन चॅडविक मग मदतीला आले.

व्हेंट्रिस पेशाने वास्तुरचनाकार. चौदाव्या वर्षी, १९३६ मध्ये, त्याने लंडनच्या प्रदर्शनात वृद्ध इव्हान्स यांचं बोलणं ऐकलं होतं. लिपी अजून वाचली गेलेली नाही, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. त्याचा सिद्धांतही चुकीचा होता! प्राचीन इटलीतल्या इट्रस्कन भाषेशी नातं असावं, असं तो अगदी १९५२ च्या वसंतापर्यंत धरून होता. म्हणजे चुकीचं गृहीत इव्हान्स यांच्याकडे होतं तसं त्याच्याकडेही. फरक वागण्यात होता. जानेवारी १९५१ पासून तो आपल्या टिपणांच्या प्रती काढून जगभरच्या अभ्यासकांना टपालाने पाठवत राहिला, एकंदर वीस, स्वतःच्या शंका आणि फसलेले प्रयत्न यांच्यासकट. चुकीचं गृहीत पुराव्याशी इतक्यांदा आपटलं की अखेर फुटलं.

त्यानंतरचा प्रसंगही याच धाटणीचा. ब्लेगन यांना १९५२ च्या मोसमात आणखी पाट्या मिळाल्या होत्या. १९५३ मध्ये त्यातली एक त्यांनी व्हेंट्रिसच्या पद्धतीने वाचून पाहिली. तिवईसारख्या तीन पायांच्या भांड्याच्या चित्रापुढे ‘ति-रि-पो’. चार कानांच्या भांड्यापुढे ‘चार’चा शब्द, तीन कानांच्यापुढे ‘तीन’चा, बिनकानी भांड्यापुढे ‘नाही’चा. व्हेंट्रिसने ही पाटी पाहिलेलीच नव्हती, तेव्हा जुळवाजुळवीचा आरोप संभवत नव्हता. ब्लेगन यांनी ती स्वतःच्या पुढच्या ग्रंथासाठी राखून ठेवली असती तर कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी सरळ पत्र लिहून कळवलं. शंकेखोरांपैकी बहुतेकांचं समाधान त्या एका पाटीने केलं.

यावर जाणकार एक आक्षेप घेतात आणि तो वजनदार आहे. साहित्य घाईने उघडं टाकलं की हौशे-गवशे-नवशे तुटून पडतात. १९३१ मध्ये एकाने बास्क भाषेच्या आधाराने मिनोअन लेख ‘वाचून’ पुस्तक काढलं होतं. खुद्द कोबर अटकळबाजीच्या विरुद्ध होत्या. व्हेंट्रिसने १९५० च्या सुमारास अभ्यासकांना पाठवलेली प्रश्नावली त्यांना वेळेचा अपव्यय वाटली आणि तसं त्यांनी कळवूनही टाकलं. पण नीट पाहिलं तर त्यांचा राग अंदाज वाटत सुटण्यावर होता. मूळ लेखांच्या नकलांसाठी तर त्या आयुष्यभर तिष्ठत राहिल्या. आणि बास्कवाले फोफावतात ते साहित्य तुटपुंजं असताना. शंभर पाट्यांवर कोणतीही भाषा ओढूनताणून बसवता येते. तीन हजारांवर बसवायला गेलं की दुसऱ्याच पाटीला शिवण उसवते.

आपल्याकडे याच काळात काय चाललं होतं? इव्हान्स यांनी क्नोसोसला कुदळ मारण्याआधी दोन वर्षं, १८९८ मध्ये, वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला, पुढे असे २२ झाले. सिद्धांताच्या बाबतीत राजवाडे इव्हान्सपेक्षा कमी हट्टी नव्हते, उलट काकणभर सरसच. त्यांच्या कित्येक मतांना पुढच्यांनी खोडून काढलं. पण खोडून काढता आलं, कारण मत प्रस्तावनेत होतं आणि अस्सल कागद त्याच पुस्तकात पुढे छापलेले होते. वाड्यावाड्यांतून, माळ्यांवरून, अडत्यांच्या दुकानांतून कागद मिळवायला या माणसाने काय वणवण केली ते मराठी वाचकाला माहीत आहे. श्रमाचा मोबदला म्हणून कागदांवर हक्क सांगायचा तर त्यांना इव्हान्स यांच्याइतकाच अधिकार होता. पुण्याच्या पेशवे दप्तराचं दार मात्र सरकारने फार काळ किलकिलंच ठेवलं. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले ते १९३० पासून पुढे, आणि मराठ्यांच्या इतिहासाचं लेखन त्यानंतर किती बदललं ते उघड आहे.

स्वातंत्र्यानंतरचा हिशेब संमिश्र आहे. राजस्थानातल्या कालीबंगनचं उत्खनन १९६० ते १९६९ चाललं. तिथल्या आद्य हडप्पा थराचा अहवाल छापून आला २००३ मध्ये. ते खोदणाऱ्या प्रमुखांपैकी बा. कृ. थापर तोवर हयात नव्हते. याउलट महाराष्ट्रात नेवाशाचं काम १९५४-५६ चं, त्याचा अहवाल १९६० मध्ये. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादचं १९७९ पर्यंतचं काम १९८६ मध्ये छापलं गेलं. तिथे तर हडप्पा लिपीतली चिन्हंही मिळाली आहेत. इनामगाव १९६८ ते १९८३ खोदलं, डेक्कन कॉलेजने १९८८ मध्ये जाडजूड अहवाल काढला. हे आपल्याच हवामानात, आपल्याच सरकारी पगारावर, संगणक नसताना झालेलं आहे. तेव्हा ‘इतकी वर्षं लागणारच’ हे पालुपद मला पटत नाही.

कीळडीचं प्रकरण ताजं आहे. मदुराईजवळच्या या स्थळाचा ९८२ पानांचा अहवाल अमरनाथ रामकृष्ण यांनी जानेवारी २०२३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला दिला. मे २०२५ मध्ये तो दुरुस्त्यांसाठी परत पाठवला गेला. थरांच्या कालनिर्णयावर मतभेद आहेत, असं खात्याचं म्हणणं. आपला निष्कर्ष पुराव्यावर उभा आहे, असं अमरनाथ यांचं. तमिळ अस्मिता, दिल्लीचं राजकारण, दोन्ही बाजूंनी ढोल वाजताहेत. माझ्या मते कोण बरोबर हा मुद्दाच इथे दुय्यम आहे. अहवाल छापा, सोबत खात्याचं भिन्न मत छापा, थरांची रेखाटनं आणि कार्बन चाचण्यांचे आकडे जोडा. मग हैदराबादचा कोणी, हेलसिंकीचा कोणी, ज्याला काळवेळ कळते तो पाहून घेईल. छपाईच्या आधीच निकाल लावायचा अधिकार खात्याला हवा असेल तर तो इव्हान्स यांचाच अधिकार झाला, फक्त माणसाच्या जागी कचेरी आली.

त्याच तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी जानेवारी २०२५ मध्ये सिंधू लिपी उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. बातमी झकास होती. पण सिंधू लिपीच्या अभ्यासाला खरी गती दिली ती बक्षिसाने नव्हे. इरावतम महादेवन यांनी १९७७ मध्ये लेखांची आणि चिन्हांची सूची काढली, १९८७ पासून भारत-पाकिस्तानातल्या मुद्रांचे छायाचित्रसंग्रह निघू लागले, त्यांवर आजचा प्रत्येक अभ्यासक उभा आहे. तेवढ्या पैशांत न छापलेल्या किती अहवालांची रेखाटनं पूर्ण झाली असती, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

खुलं केलं म्हणजे वाचलं जाईलच, अशी हमी मी देत नाही. लिनिअर ए हे त्याचं उदाहरण. त्या लिपीतले तोवर ज्ञात असलेले लेख लुई गोदार आणि ज्याँ-पिएर ऑलिव्हिए यांनी १९७६ ते १९८५ या काळात पाच खंडांत छापले. लेख सुमारे चौदाशे, बहुतेक त्रोटक. पन्नास वर्षं होत आली, वाचन झालेलं नाही. पण निदान अडलंय कुठे ते सगळ्यांना दिसतं: साहित्य कमी आहे, भाषा अनोळखी आहे. कुणाच्या कपाटाची किल्ली हरवली म्हणून अडलेलं नाही. लिनिअर बीच्या पाट्या तर आता ओस्लो विद्यापीठाच्या दामोस या संग्रहात कोणालाही फुकट शोधता येतात. सांगलीतल्या विद्यार्थ्याला एरिथाचा तंटा मोबाइलवर उघडता येईल.

मग नियम काय असावा? मोसम संपल्यापासून तीन वर्षांत लेख असलेल्या प्रत्येक वस्तूची छायाचित्रं आणि रेखाटनं खुली व्हावीत, अर्थ लावलेला असो वा नसो. त्या तीन वर्षांत पहिलं वाचन करण्याचा हक्क खोदणाऱ्याचा. पूर्ण अहवालाला आणखी काही वर्षं द्यावीत, पाच म्हणा, सात म्हणा, पण आकडा कागदावर असू द्या. मागच्या स्थळाचा अहवाल आल्याशिवाय नव्या स्थळाचा परवाना मिळू नये. विद्यापीठ असो वा सर्वेक्षण, दोघांनाही हेच. खोदणं बातमीत येतं, लिहिणं येत नाही, म्हणून सगळा ओढा कुदळीकडे असतो. परवान्याची गाठ अहवालाशी मारली की तो थोडा वळेल.

हे नुसतं अधिकाऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. कीळडीच्या दुसऱ्या मोसमानंतर अमरनाथ यांची बदली आसामला झाली होती. माणूस गुवाहाटीला, वस्तू तमिळनाडूत, नोंदवह्या तिसरीकडे, अशा अवस्थेत अहवाल लिहायला सांगायचं आणि उशीर झाला म्हणून ठपका ठेवायचा, हा शुद्ध कांगावा आहे. ज्याने खोदलं त्याला अहवाल पुरा होईपर्यंत त्याच कामावर ठेवावं, एक ड्राफ्ट्समन आणि एक छायाचित्रकार द्यावा, आणि निवृत्ती आडवी आली तर मानधनावर मुदत वाढवावी. त्याउपरही अहवाल आला नाही, तर नोंदवह्या जशाच्या तशा, खाडाखोडीसकट, स्कॅन करून संकेतस्थळावर टाकाव्यात.